कॉम्प्रेसरला ओल्या पट्ट्या

आत्याने शब्द दिला होता, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

शब्द दिला तेव्हा ती हॉस्पिटलच्या खाटेवर होती. हाताला सलाइन, ओठ सुकलेले, उशाशी भाचा उभा. आदल्या दुपारी स्वयंपाकघरात उन्हाने घेरी येऊन ती जी पडली, ती फरशीवर कितीतरी वेळ तशीच पडून राहिली. खालच्या मजल्यावरची शेजारीण सहज म्हणून वर डोकावली, म्हणून निभावलं. डॉक्टरांनी सांगितलं, या वयात आणि असल्या उन्हाळ्यात खोली थंड हवीच. भाचा म्हणाला, "आत्या, घरातला एसी लाव, नाहीतर मुकाट्याने माझ्याकडे चल." एसी घरात होता, पण आत्या तो लावत नसे, कारण तिला तो आवडत नसे, आणि न आवडणाऱ्या गोष्टी करायची तिला सवय नव्हती. त्या दिवशी मात्र ती घाबरलेली होती. "लावीन," ती म्हणाली. "आणि तो चालेनासा झाला तर येईन तुझ्याकडे. झालं तुझं समाधान?"

भाच्याचं झालं. आत्याचं नाही झालं, पण शब्द म्हणजे शब्द. उभी हयात तिने वॉर्डात काढली होती, शेवटची कितीतरी वर्षं हेडनर्स म्हणून. एखाद्या पेशंटला "येते परत" म्हटलं की ड्युटी संपली तरी ती परत जाऊन यायची आणि मगच चपला घालायची. नव्या नर्सेस तिला टरकून असत आणि पेशंट तिच्यावर डोळे मिटून विसंबत. लग्न केलं नाही, कुणाची ताबेदारी पत्करली नाही, आणि आईबापांच्या मागे या दोन खोल्यांत एकटीने, पण ऐसपैस राहिली. दोन खोल्यांत ऐसपैस कसं राहता येतं, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, मध्ये मध्ये करणारं कुणी नसलं की येतं.

आणि आता तो एसी बंद पडला होता. म्हणजे आतला पंखा फिरत होता, हवाही येत होती, पण ती हवा बाहेरच्या रस्त्यावर फुकटात मिळत होती तसलीच. काल दुपारपासून हे चाललं होतं. आत्याने एक रात्र ओल्या टॉवेलवर काढली आणि सकाळी स्वतःच भाच्याला फोन करून सांगितलं. लपवता आलं असतं, पण लपवाछपवी तिला जमत नसे.

भाचा दहाच्या आत हजर. ऑफिसातून रजा काढून, गाडी घेऊन, हातात दोन रिकाम्या बॅगा. वय पंचेचाळिशीच्या पुढे, डोक्यावर चंद्र उगवलेला, हाताखाली दहा-बारा माणसं, पण आत्या त्याला अजून सोन्या म्हणायची आणि तोही ओ द्यायचा. बॅगा त्याने खाटेवर ठेवल्या. चेहरा काळजीचा केला होता, पण काळजीच्या मागे सुटल्याचा आनंद लपत नव्हता. महिनाभर बिचारा रात्री फोन वाजला की दचकत होता.

"बघू तरी," म्हणत त्याने पहिली गोष्ट केली ती ही, की भिंतीवरचं बटण बंद करून चालू केलं. काही झालं नाही, म्हणून परत बंद करून परत चालू केलं.

हे त्या घराण्याच्या रक्तातच होतं. आत्याचे वडील रेडिओला थोबाडीत मारायचे. भाच्याचा बाप थांबलेलं घड्याळ कानाशी धरून असं हलवायचा की चालू घड्याळही थांबावं. अडून बसलेल्या वस्तूला निवांत सोडायचं, हे त्यांच्यापैकी कुणाच्या बापजन्मी घडलं नव्हतं. त्यांच्या घरात वस्तू बिघडायच्या कमी आणि दुरुस्त होता होता मरायच्या जास्त. आत्या तरी कुठे वेगळी होती? काल दुपारपासून तिने ते बटण किती वेळा दाबलं त्याला गणती नव्हती. शेजारणीनेही वर येऊन दोनदा दाबून बघितलं होतं, दुसऱ्याच्या घरी फोडणीत चमचा घालून बघावा तसं.

मेकॅनिक भाच्यानेच बोलावला होता, तो पाठोपाठ आला. तिशीचा, कामात चटपटीत, बोलण्यात जपून. आतल्या खोलीत त्याने फक्त एकदा हात वर करून हवा बघितली आणि थेट गॅलरीत गेला. बाहेरचं युनिट गॅलरीच्या कोपऱ्यात लोखंडी स्टँडवर होतं आणि त्याच्याभोवती पत्र्याची एक देखणी पेटी होती. तीन बाजूंनी बंद, वरून बंद, समोर बोटभर रुंदीच्या फटी. आत्या हॉस्पिटलातून घरी आली त्याच आठवड्यात भाच्याने ही पेटी मुद्दाम बनवून घेतली होती. उन्हापासून, धुळीपासून, पक्ष्यांच्या घरट्यांपासून मशीन राखायला. त्याने तिला रंगसुद्धा गॅलरीच्या कठड्याशी जुळणारा दिला होता.

मेकॅनिकने पेटीचं पुढचं दार उघडलं. बाहेरचा पंखा फिरत होता. त्याने मेन स्विच बंद करायला सांगितलं, वरचा पत्रा खोलला, आत हात घातला आणि चटकन मागे घेतला. मग मीटरच्या दोन टोकदार सुया इकडेतिकडे लावून बघितल्या. मोटर उठवणारा कपॅसिटर तपासला, तो ठीक होता. तारा तपासल्या, त्याही ठीक होत्या. शेवटी त्याने मीटर गुंडाळलं आणि भाच्याकडे बघत म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला, साहेब. वाइंडिंग ओपन दाखवतंय. म्हणजे आतली तार तुटली म्हणा ना. जुनं मशीन आहे, दुरुस्तीच्या फंदात पडू नका."

भाच्याने सुस्कारा सोडला. "ऐकलंस, आत्या?"

आत्या गॅलरीच्या उंबऱ्यात उभी होती. पदवी वगैरे नसताना तिने एक गोष्ट आयुष्यभर केली होती, ती म्हणजे डॉक्टर निदान सांगत असताना त्यांच्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघणं. तोंड काहीही बोलतं.

"तू हात का मागे घेतलास रे?" तिने मेकॅनिकला विचारलं.

"कधी, आजी?"

"आत घातल्या घातल्या. चटका बसल्यासारखा."

"तापलाय ना तो. जाम तापलाय."

"कालपासून बंद पडलाय म्हणतोस, तार तुटली म्हणतोस, मग तापला कशाने?"

प्रश्न अडचणीचा होता आणि विचारणारी बाई बाजूला होणारी दिसत नव्हती. त्याने मीटर परत सोडवलं नाही, पण खाली ठेवलं. "कुणी बटण बंद-चालू करत होतं का?"

"सगळेच," आत्या म्हणाली.

"आता मीही केलं," भाचा म्हणाला. "बंद करून चालू केलं की बऱ्याच वस्तू लागतात लायनीवर."

"याच्यात तसं नसतं, साहेब. बंद केलं की आतला दाब उतरायला तीन-चार मिनिटं लागतात. लगेच चालू केलं तर त्या दाबाखाली तो उठायला बघतो, उठता येत नाही, तापतो, आणि आतला ओव्हरलोड लाइन तोडतो. जळू नये म्हणून. मग जरा निवला की पुन्हा जोडतो, तोवर पुन्हा कुणीतरी बटण दाबतं."

"आणि तुझ्या या मीटरवर?" आत्याने विचारलं. "ओव्हरलोडने लाइन तोडली असेल तर काय दिसतं?"

मेकॅनिकने मान खाजवली. "तसंच दिसतं. ओपन."

"म्हणजे मेलाय की बेशुद्ध आहे, हे तुला आत्ता सांगता येत नाही."

"गार झाल्यावर सांगता येईल, आजी. पण इतका तापलेला असला की गार व्हायला अख्खी दुपार जाते. साहेबांनी फोनवरच सांगितलं होतं, काय ते लगेच सांगून टाका. आणि खरं सांगू का, अशा दहातले बरेच खरोखर गेलेलेच निघतात."

"तापातल्या पेशंटला मी कधी मेला म्हणून लिहिला नाही," आत्या म्हणाली. "तू कशाला लिहितोस?"

भाचा मध्ये पडला. त्याचा आवाज समजूत घालायचा होता, आणि आत्याला कुठला आवाज सहन होत नसेल तर तो. "आत्या, आपलं काय ठरलं होतं? चालत नसेल तर तू येणार. नाहीये चालत. आता कशाला कीस काढतेस?"

"चालत नाही असं ठरलं कुठे? ठरेल संध्याकाळी." मग ती मेकॅनिककडे वळली. "तापायला सुरुवात कशाने झाली ते सांग. बटण आम्ही नंतर दाबलं."

मेकॅनिकने पेटीकडे बघितलं, मग भाच्याकडे, मग स्वतःच्या चपलांकडे.

"बोल की," आत्या म्हणाली.

"ही पेटी आहे ना. मशीन आतली गरम हवा बाहेर फेकतं. पेटीत ती जाणार कुठे? तीच हवा फिरून परत आत. आतापर्यंत कसंबसं खपलं. या आठवड्यात ऊन आणखी चढलं आणि याचा जीव गुदमरला."

भाच्याचा चेहरा उतरला. मघापासून त्याच्यावर चिडलेल्या आत्यालाही ते बघवेना. पेटीसाठी त्याने रविवार घालवला होता, पत्र्याचं काम करणाऱ्या फेब्रिकेटरच्या डोक्यावर बसून मापं घेतली होती, वरच्या कडांना धार राहू नये म्हणून स्वतः कानस मारली होती. आत्याचा हात कापू नये म्हणून.

"सोन्या, तुझ्या मायेत खोट नाही," ती म्हणाली. "पण पेटी काढायची."

पेटी निघाली. मेकॅनिकने आणि भाच्याने मिळून ती उचलून गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. दुसऱ्या कामाला निघण्याआधी मेकॅनिकने बजावून सांगितलं, मेन स्विच बंद म्हणजे बंद, कुणी हात लावायचा नाही. कॉम्प्रेसर लवकर निवायला हवा असेल तर ओलं फडकं घट्ट पिळून वरच्या टोपीवर ठेवा, तारांच्या झाकणाकडे पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. संध्याकाळी जाता जाता बघून जाईन.

"पट्ट्या ठेवायच्या," आत्या म्हणाली. "मग सरळ सांग ना. ते येतं मला."

तिने जुनी सुती चादर काढली आणि फाडली. चादर फाटल्याचा तो आवाज ऐकून तिला बरं वाटलं, किती दिवसांत तिने काही कामाचं फाडलं नव्हतं. कळशीत पाणी घेतलं, स्टूल गॅलरीच्या सावलीत ओढलं, आणि काळ्या, गोल, जाड टोपीच्या त्या कॉम्प्रेसरला तिने पहिली पट्टी ठेवली. पट्टीतून वाफ निघाली. दुसरी पट्टी तिने स्वतःच्या मानेवर ठेवली. मग मीठ-साखरेचं पाणी करून अर्धं आपण प्यायली आणि अर्धं भाच्याला दिलं.

"तू काय उभा आहेस? मऊ ब्रश आण मोरीतला. त्या जाळ्यांत धूळ बसलीये, वरून खाली झाड. आडवा हात मारू नकोस, पत्रे वाकतील."

"आत्या, मी आज रजा काढून—"

"म्हणून तर म्हणतेय. रजेच्या दिवशी माणसाने काहीतरी करावं."

भाचा ब्रश घेऊन बसला. शर्टाच्या बाह्या दुमडून, गुडघे टेकून, घामाच्या धारा पुसत तो ती जाळी झाडत राहिला, आणि जाळीतून करड्या धुळीचे लोकरीसारखे पुंजके निघत राहिले. तासाभराने तो उठला, हात धुतले, आणि पॅसेजमधल्या मेन स्विचच्या दिशेने त्याची पावलं आपोआप वळली. "एकदा फक्त बघू या का?"

"नाही."

"निवला असेल आता."

"सोन्या, हात खाली."

ती उठली, स्टूल उचललं आणि पॅसेजमध्ये स्विचबोर्डाच्या बरोबर खाली मांडून त्यावर बसली. वॉर्डात असे नातेवाईक तिने आयुष्यभर हाकलले होते. पेशंटला नुकतीच झोप लागलेली असायची आणि हे त्याचा खांदा हलवून विचारायचे, "आता कसं वाटतंय?" चांगली माणसं असायची, जिवाची तगमग झालेली. आत्या त्यांना बाहेरच्या बाकावर बसवायची आणि दार लावून घ्यायची. त्यांतले काही तिला शिव्या देत, काही नंतर पाया पडत. तिला दोन्ही सारखंच वाटे.

भाचा समोर भिंतीला टेकून खाली बसला. दोघंही घामाने निथळत होते. पंखा गरम हवा घुसळत होता. तो म्हणाला, "तुला माहितीय, त्या दिवशी खालच्या काकूंचा फोन आला तेव्हा मी गाडी चालवत इथे कसा आलो ते मला आठवत नाही. एकही सिग्नल आठवत नाही. त्या म्हणाल्या, हलत नाहीये."

आत्याने मानेवरची पट्टी काढून त्याच्याकडे सरकवली. मुलगा खरं बोलत होता.

"तू पडलीस तर परत मला फोन येणार. मी तो फोन घ्यायचा, हेच चालायचं का? तुला काय, तू हट्ट करून मोकळी."

तेवढ्यात भाचेसुनेचा फोन आला. फोन स्पीकरवर नव्हता तरी तिचा आवाज पॅसेजभर ऐकू येत होता, कारण ती मनाने स्वच्छ आणि घशाने खणखणीत होती. खोली तयार केलीये, पडदे बदललेत, आत्यांच्या गोळ्यांसाठी वेगळा कप्पा रिकामा केलाय, त्यांना म्हणावं, इथे तुम्हाला काडी उचलावी लागणार नाही.

आत्याने ते ऐकलं. भाचेसुनेबद्दल तिला कणभरही राग नव्हता. ती खोलीही तिला माहीत होती, इस्त्रीच्या टेबलाशेजारची, प्रकाशाची, चांगली. तिथे सकाळी कुणीतरी चहा आणून देईल. ती उठायला लागली की कुणीतरी म्हणेल, तुम्ही बसा हो, मी करते. आणि ती बसेल. एक दिवस बसेल, दहा दिवस बसेल, आणि मग उठायचं कशाला हेच तिला आठवेनासं होईल. तिने अशा कितीतरी धडधाकट म्हाताऱ्या बघितल्या होत्या, ज्यांना त्यांच्या माणसांनी प्रेमाने खुर्चीत बसवून संपवलं होतं. मरणाची भीती तिला वॉर्डातच सरली होती. ही भीती वेगळी होती, आणि तिला ती खरी वाटत होती.

ती उठून गॅलरीत गेली. पट्टी बदलली. आता वाफ निघत नव्हती. तिने तळहात टोपीवर ठेवला आणि मनात म्हणाली, अजून कोमट आहे. तसाच हात तिने हजारो कपाळांवर ठेवला होता. आणि तिथेच, कळशीत पट्टी पिळताना, एक गोष्ट तिच्या डोक्यात अशी लख्ख आली की ती क्षणभर थांबली.

तापात असलेल्या माणसाची सही तिने कधी घेतली नव्हती. ऑपरेशनचा कागद असो, नाही तर नातेवाइकांनी आणलेला घराचा कागद, पेशंट भ्रमात असला, घाबरलेला असला, की ती कागद बाजूला सारायची आणि म्हणायची, उतरू दे, मग विचारा. त्यावरून तिचं मोठमोठ्या डॉक्टरांशी वाजलं होतं. आणि स्वतःच्या बाबतीत? हाताला सलाइन, डोळ्यांसमोर अंधारी, फरशीचा गारठा अजून गालावर, आणि अशा बाईचा शब्द तिने स्वतःच खरा धरला होता. धरला तर धरला, वर महिनाभर पाळतही आली होती. तिला स्वतःचाच राग आला, आणि रागाने अंगात जी ताकद आली तिने ती पट्टी शेवटच्या थेंबापर्यंत पिळली.

उन्हं गॅलरीतून उतरली तेव्हा मेकॅनिक आला. त्याने टोपीवरची पट्टी उचलून बाजूला ठेवली, हात लावला, या वेळी मागे घेतला नाही. "मस्त गार केलात, आजी." मीटर लावलं. काटा नव्हता, आकडेच होते, पण त्याच्या भुवया वर गेल्या त्यावरून आत्याला कळलं. "वाइंडिंग आलं. तारांच्या तिन्ही जोड्या बरोबर दाखवतायत. आता उठतो का ते बघायचं. उठेलच असं नाही हं, इतके धक्के खाल्लेत त्याने. मेन चालू करू?"

"थांब," आत्या म्हणाली.

भाच्याचा हात स्विचबोर्डाजवळ पोचलेला होता. तो थांबला.

"सोन्या, आधी ऐक. हा उठला नाही तरी मी येणार नाही."

भाच्याला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. "म्हणजे?"

"म्हणजे येणार नाही. आज नाही, उद्या नाही."

"तू शब्द दिला होतास."

"दिला होता. मोडते."

तो तिच्याकडे बघत राहिला. चेहरा असा झाला होता की जणू समोरची भिंत चालत येऊन बोलली. या बाईने शब्द मोडल्याचं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं. तो सात वर्षांचा असताना तिने त्याला सायकल शिकवायचं कबूल केलं होतं आणि पाय मुरगळलेला असताना लंगडत त्याच्यामागे धावली होती.

"असा मोडता येतो होय?"

"येतो. घाबरले होते म्हणून दिला. तापातलं बोलणं मी कुणाचं धरलं नाही, माझंही धरणार नाही. शुद्धीवर असताना सांगते ते धर. मी इथे राहणार. परत पडले तर पडेन. काकूंकडे किल्ली देऊन ठेवते, सकाळ-संध्याकाळ तुला फोन करते, डॉक्टर म्हणतील तेवढं पाणी पिते, हे सगळं करते. पण पडले तर इथे पडेन, आणि तुला फोन येईल, आणि तुला तो घ्यावा लागेल. त्यातून मी तुला सोडवू शकत नाही रे. तुझ्या घरी येऊनही सोडवू शकत नाही, तिथेही मी कधीतरी मरणारच आहे."

मेकॅनिक पक्कडीवरचा गंज निरखून बघू लागला.

भाच्याने स्विचबोर्डाजवळचा हात खाली घेतला. राग होता, दुखावलेपणही होतं, आणि खाली कुठेतरी, महिनाभर उराशी बाळगलेलं ओझं खाली ठेवता येईल की काय असा संशयही होता. मग त्याला भलतंच काहीतरी आठवलं आणि तो जवळजवळ ओरडला, "मग दुपारभर या पट्ट्या कशाला ठेवत होतीस? मला कशाला ब्रश मारायला बसवलंस?"

"उकडत होतं म्हणून," आत्या म्हणाली. "चालू कर आता."

मेन चालू झाला. आतला पंखा फिरायला लागला. रिमोटवरचा आकडा आत्याने खाली आणला आणि रिमोट खाटेवर ठेवून दिला. बाहेर काहीच झालं नाही. भाच्याचा हात नुसता उचलला गेला तशी तिने त्याच्याकडे बघितलं, आणि हात परत खाली गेला. तिघंही उभे राहिले. खालच्या रस्त्यावरून कुणाची तरी हातगाडी खडखडत गेली. मेकॅनिक घड्याळाकडे बघत म्हणाला, "टायमर आहे त्याला. लागतात मिनिटं."

मग गॅलरीत आधी टक असा आवाज झाला, बाहेरचं पातं फिरलं, आणि त्याच्याखाली जड, घोगरी घरघर सुरू झाली. एकदा अडखळली. घरघर परत सरळ झाली आणि चालतच राहिली.

"उठला," मेकॅनिक म्हणाला. त्याने जाड पाइपाला हात लावून बघितला, तो गार पडत चालला होता. पेटी परत लावू नका, एवढं सांगून त्याने सामान आवरलं आणि तो जिना उतरून गेला.

भाचा गॅलरीत जाऊन कठड्याला टेकला. पाठ आत्याकडे होती. त्याने फोन लावला. "नाही, निघालो नाही. ती येत नाहीये." पलीकडून खणखणीत प्रश्न आला. "अगं, झाला चालू. पण म्हणून नाही. चालू नसता झाला तरी नव्हती येणार." परत प्रश्न. "मी काय करणार? काही नाही करणार. येत जाईन मीच." शर्टाच्या बाहीने त्याने डोळे पुसले, किंवा घाम पुसला, दोन्ही तेवढंच ओलं होतं.

आत्याने खाटेवरच्या दोन्ही बॅगा खाली सरकवल्या आणि हवेच्या बरोबर समोर पाय पसरून बसली. तिच्या मानेवर पहिली गार झुळूक आली तेव्हा तिला रडू यायला लागलं होतं, पण तेवढ्यात तिचं लक्ष गॅलरीच्या सताड उघड्या दाराकडे गेलं.

"सोन्या," ती म्हणाली, "आत ये नाहीतर बाहेर थांब, पण ते दार लाव. सगळा गारवा चाललाय."

तो आत आला आणि त्याने दार लावलं.